एका डब्यातले सहा सर्व्हर आणि गेटची चावी

हा भाग मी ओझरला, घरच्या माडीवर बसून रेकॉर्ड केलाय. ऑडिओत मध्येच घरघर ऐकू आली असेल तर तो माइकचा दोष नाही, एचएएलची धावपट्टी इथून जवळ आहे. खाली नेहमीसारखं शब्दांकन देतोय. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय कागदावर फार कोरडा दिसतो. एकाच सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवायचे, कधी व्हर्च्युअल मशीन म्हणून, कधी लिनक्स कंटेनर म्हणून. तर ते सांभाळायची साधनं आली कुठून? नोकरीत मी रोज हेच करतो. तरी त्याचा इतिहास मी नीट वाचला तो एका चुकीमुळे. चूक माझीच होती, आधीच सांगून टाकतो.

मामांचं ओझरजवळ द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. सीझनमध्ये इथून युरोपला कंटेनर जातात. (मामांच्या लेखी कंटेनर म्हणजे न्हावाशेव्याला जातो तो. माझं काम कंटेनरचं आहे असं सांगितल्यावर त्यांनी मला भाडं किती सुटतं असं विचारलं होतं.) ऑफिसच्या जिन्याखाली एक सर्व्हर होता. त्या एका डब्यात सहा मशीन चालायची: एकावर टॅली, एकावर पेट्यांची लेबलं छापणारं विंडोज, एकावर हजेरी, एकावर फाइली, एकावर कोल्ड स्टोरेजच्या तापमानाची नोंद, आणि सहावं असं की त्याचं काम काय हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्या माणसाने हे बसवलं तो धंदा बंद करून गेला होता आणि जाताना पासवर्ड सोबत घेऊन गेला. मामा म्हणाले, "मशीन आपलं, जागा आपली, लाइट बिल आपलं, आणि आत जायला आपल्यालाच चावी नाही. हे कसं काय रे?"

मागच्या सीझनच्या आधी मी ते सगळं नव्या मशीनवर हलवलं. जुना डबा पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला, आतल्या डिस्क कॉपी केल्या, नव्या मशीनवर प्रॉक्समॉक्स टाकलं. विंडोजची दोन मशीन व्हर्च्युअल मशीन म्हणून ठेवली, त्या बेवारस सहाव्यालाही न उघडता तसंच उचललं. उरलेली तीन लिनक्स कंटेनरमध्ये नेली, कारण कंटेनर हलका. तापमानाच्या कंटेनरला मी ५१२ एमबी मेमरी दिली. म्हटलं, चार आकडे लिहायला आणखी किती लागणार?

तिसऱ्या रात्री दोन वाजता नोंद थांबली. सकाळी सहापर्यंत चार तास कोरे. माल थंडच होता, कूलिंगचा या कंटेनरशी काही संबंध नाही. पण मामांनी विचारलं, "माल थंड होता ना?" म्हटलं, होता. "मग लिहिलेलं कुठंय?"

याला उत्तर नव्हतं. परदेशातला खरेदीदार द्राक्ष चाखून पैसे देत नाही, कागद बघून देतो. सुदैवाने त्या खोलीतला माल अजून पॅकिंगला लागायचा होता.

लॉगमध्ये एक ओळ होती, 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस'. झालं असं की रात्री दोनला एक जुनी स्क्रिप्ट महिन्याच्या सगळ्या नोंदी एकदम मेमरीत ओढून अहवाल बनवायची. ५१२ एमबी संपले आणि कर्नलने त्या कंटेनरमधली सगळ्यात जाडी प्रोसेस मारली. ती होती डेटाबेस. मी वैतागून कर्नलचा सोर्स उघडला, म्हटलं बघू तरी हा हिशेब कोण ठेवतं. फाइलचं नाव मेमकंट्रोल. अगदी वरच्या ओळी: कॉपीराइट आयबीएम, २००७, लेखक बलबीर सिंग. त्याखाली ओपनव्हीझेड, एसडब्ल्यूसॉफ्ट, पावेल एमेल्यानोव्ह. बलबीर सिंग तेव्हा आयबीएमच्या बंगळूरच्या लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये होते. म्हणजे आज जगभर जे कंटेनर चालतात, त्यांच्या मेमरीचं माप ठेवणाऱ्या पहिल्या दोन लेखकांपैकी एक जण इथे, आपल्या देशात बसून ते लिहीत होता. मी चार वर्षं इंजिनीअरिंग केलं, हे नाव कुणी वर्गात घेतलं नाही.

तिथून मी मागे मागे जात राहिलो.

एक यंत्र अनेकांत वाटायची कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जुनी. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज केंद्रात १९६७ मध्ये सीपी-४० नावाची प्रणाली चालू झाली. तिच्यात प्रत्येक वापरणाऱ्याला वाटायचं की अख्खं सिस्टिम/३६० मशीन आपल्या एकट्याचं आहे. त्यातून सीपी-६७ आलं आणि २ ऑगस्ट १९७२ ला आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं. आपल्याकडे हे फार पोचलं नाही. परकीय चलन कायद्याखाली परदेशी भागीदारी कमी करायला आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती भारतातून गेली; तिची मशीन सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. त्याच दशकात आयआयटी मुंबईत सोव्हिएत बनावटीचं ईसी-१०३० होतं. ती मालिकाच मुळात आयबीएम ३६० ची नक्कल. त्या काळात बरंच काही रशियाहून यायचं. ओझरकरांना हे सांगायला नको.

मग पीसी आले आणि ही कल्पना मागे पडली. इंटेलच्या एक्स-८६ चिपमध्ये काही सूचना अशा होत्या की आतलं पाहुणं मशीन त्या चालवायचं आणि बाहेरच्या मालकाला पत्ताच लागायचा नाही. व्हर्च्युअल मशीनसाठी चिप कशी असावी याच्या अटी पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये लिहून ठेवल्या होत्या; एक्स-८६ त्यात नापास. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या वर्तुळातल्या पाच जणांनी, त्यात डायन ग्रीन आणि मेंडेल रोझेनब्लम होते, व्हीएमवेअर काढली. अडचणीच्या सूचना चालता चालता बदलून टाकायच्या, ही त्यांची युक्ती. १९९९ ला वर्कस्टेशन आलं, २००१ ला ईएसएक्स सर्व्हर.

पण माझ्या मते खरं वळण २००३ चं. त्या वर्षी व्हर्च्युअलसेंटर आणि व्हीमोशन आलं. एका पडद्यावर सगळे सर्व्हर दिसायला लागले आणि चालू असलेलं मशीन, न थांबवता, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात उचलून ठेवता यायला लागलं. इथून पुढे डब्याची किंमत कमी कमी होत गेली आणि त्या पडद्याची वाढत गेली. मशीनचे वाटे करणं ही तांत्रिक गोष्ट होती, ती पुढे अनेकांना जमली. वाटे कुणी करायचे, हा वेगळा प्रश्न. पुढचा सगळा इतिहास मला त्या दुसऱ्या प्रश्नाचाच वाटतो.

आता कंटेनर. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र घर: आपला पाया, आपला नळ, आपला कर्नल. कंटेनर म्हणजे जुन्या वाड्यातलं बिऱ्हाड. पाया एक, विहीर एक, कर्नल एक. मध्ये फक्त भिंती. त्या भिंती बऱ्याच आधीपासून उभ्या राहत होत्या. १९७९ च्या युनिक्समध्ये सीएचरूट होतं, २००० मध्ये फ्रीबीएसडीने जेल आणलं, २००२ पासून लिनक्समध्ये नेमस्पेस यायला लागले. भिंतीमुळे शेजारचा दिसत नाही. पण विहिरीतून तो किती उपसतोय यावर भिंतीचा काही इलाज नाही. एका बिऱ्हाडाने रात्री मोटर लावून विहीर कोरडी केली तर सकाळी सगळेच बोंबलणार.

२००६ मध्ये गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी यावर काम सुरू केलं. आधी नाव होतं प्रोसेस कंटेनर्स; पण 'कंटेनर' शब्दाचे कर्नलमध्ये आधीच इतके अर्थ झाले होते की नाव बदलून कंट्रोल ग्रुप्स केलं. तेच सीग्रुप. जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये ते आलं. त्याच आवृत्तीत सीपीयूचे वाटे गटागटाने करायची सोय आली, तीही आयबीएमच्या बंगळूरच्या श्रीवत्स वड्डगिरी आणि धवल गियानी यांच्या कामातून. मेमरीचा हिशेब एप्रिल २००८ च्या २.६.२५ मध्ये आला.

हे वाचताना मला सारखं वाघाड आठवत होतं. ओझरच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझरची जमीन. शेपटाला असणं म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच विचारा. कालवा कागदावर आपल्यापर्यंत येतो, पाणी येत नाही. वरचे लोक वरच्या वर घेतात. पाणीपट्टी पीक आणि क्षेत्रावर लागायची, किती पाणी घेतलं यावर नाही, त्यामुळे वरच्याने कमी घ्यावं असं काही कारणच नव्हतं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रातर्फे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या. खात्याने संस्थेला पाणी मोजून द्यायचं, घनमापनाने. संस्थेने ते आत आपसात वाटायचं. पुढे सगळ्या वाघाड प्रकल्पावर अशा संस्था झाल्या, आणि २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाच केला. मामा तेव्हा तरुण होते. आठवड्यातून दोनदा तरी बैठक असायची आणि त्यात भांडणंच जास्त व्हायची, असं ते सांगतात.

सीग्रुपने नेमकं हेच केलं. आधी लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेस स्वतंत्र शेतकरी होती. ज्या प्रोग्रामने शंभर प्रोसेस काढल्या त्याला शंभर वाटे. आता वाटा गटाला मिळतो, गटाने आत काय करायचं ते करावं. सीपीयू हे चालू आवर्तनाचं पाणी आहे, साठवता येत नाही. म्हणून शेजारी वापरत नसेल तर त्याचं तुम्ही घ्या, सगळ्यांनी मागितलं तर ठरल्या प्रमाणात. मेमरी तशी नाही. ती शेततळ्यासारखी, एकाने अडवली की अडली. म्हणून तिथे कर्नल एकेक पान मोजतो आणि ज्या गटाने ते पान पहिल्यांदा हाताळलं त्याच्या नावावर टाकतो. मर्यादा भरली की आधी जुनी पानं मोकळी करायचा प्रयत्न करतो. नाहीच जमलं तर त्याच गटातल्या कुणाला तरी मारतो, शेजारच्या गटाला हात लावत नाही.

म्हणजे त्या रात्री सगळं बरोबर चाललं होतं. टॅलीला धक्का लागला नाही, फाइलींना लागला नाही. आत काय चालतं हे न विचारता माप ठरवलं मी. मामांना हे समजावलं तर ते म्हणाले, "म्हणजे तू खात्यासारखं केलंस." बोललो काही नाही. स्क्रिप्टला वेगळा कंटेनर दिला आणि मेमरी वाढवली.

कंटेनरच्या पुढच्या प्रवासावर इथे वेळ घालवत नाही. २००८ मध्ये आयबीएमच्याच काही लोकांनी नेमस्पेस आणि सीग्रुप एकत्र बांधून एलएक्ससी सुरू केलं. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सने पायकॉनमध्ये पाच मिनिटांत डॉकर दाखवलं. २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटीस खुलं केलं. ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे, आणि पॅकहाऊसला कुबरनेटीस लावणं म्हणजे पेटी उचलायला क्रेन आणणं.

व्हर्च्युअल मशीनच्या बाजूला मात्र एक गोष्ट पुण्याची आहे, ती सांगायला हवी. ऑक्टोबर २००६ मध्ये क्युमरानेट या इस्रायली कंपनीच्या अवी किविटीने केव्हीएमचा कोड मांडला आणि फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० कर्नलमध्ये तो गेलासुद्धा. कल्पना इतकी साधी की राग यावा: वेगळा हायपरवायझर लिहायचा कशाला, लिनक्सलाच हायपरवायझर करा. मेमरी वाटणं, सीपीयू वाटणं हे लिनक्स करतोच आहे. व्हर्च्युअल मशीन ही त्याला आणखी एक प्रोसेस. तोवर इंटेल आणि एएमडीने चिपमधला तो जुना दोषही काढला होता. २००८ मध्ये रेड हॅटने क्युमरानेट १०७ दशलक्ष डॉलरला घेतली. गंमत म्हणजे त्यांचं सांभाळायचं साधन सी-शार्पमध्ये होतं आणि विंडोजवर चालायचं. रेड हॅट लिनक्स विकणार, आणि त्याचा पडदा विंडोजवर! जावामध्ये नव्याने लिहून ते आणायला जानेवारी २०१२ उजाडलं.

या केव्हीएमवर काम करणारे लोक रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसातही होते. त्यातले एक अमित शहा. (नाव ऐकून दचकू नका, हे कर्नलवाले.) व्हर्टआयओ कन्सोल नावाच्या ड्रायव्हरवर लेखक म्हणून त्यांचं नाव आहे. हा ड्रायव्हर म्हणजे बाहेरचं मशीन आणि आतलं मशीन यांच्यामधली एक चिंचोळी वाट. नेटवर्क नसलं तरी चालते. त्या वाटेने बाहेरचा आतल्याला सांगू शकतो, आता बॅकअप घेतोय, दोन क्षण डिस्कवर लिहू नकोस. किंवा लाइट गेली, शिस्तीत बंद हो. प्रॉक्समॉक्समध्ये 'गेस्ट एजंट' असा एक छोटा चौकोन असतो, त्यावर टिक करताना आपण एरवी विचारही करत नाही. ओझरला इन्व्हर्टरवर सर्व्हर चालतो तेव्हा त्या चौकोनाची किंमत कळते.

प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाचं. ऑक्टोबर २००८ ला १.० आलं, आणि पहिल्यापासून एकाच वेबपानावर व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर दोन्ही. तेव्हा कंटेनर ओपनव्हीझेडचे होते, त्यासाठी वेगळा ठिगळ लावलेला कर्नल लागायचा; ऑक्टोबर २०१५ च्या ४.० मध्ये ते एलएक्ससीवर आले. आतला बराच कोड पर्लमध्ये आहे, नव्या पोरांना हसू येतं. लॉगिन केलं की 'तुमच्याकडे सबस्क्रिप्शन नाही' अशी चौकट येते, ओके दाबलं की जाते. कोड खुला आहे, पैसे सपोर्टचे.

दुसरी पुण्याची गोष्ट मोठ्या पैशांची. शेंग लियांग हा माणूस सन कंपनीत जावा व्हर्च्युअल मशीनवर काम करायचा. २००८ मध्ये त्याने साथीदारांसोबत व्हीएमऑप्स काढली, पुढे तिचं नाव क्लाउड डॉट कॉम. त्यांचं साधन क्लाउडस्टॅक: शेकडो सर्व्हर एका पडद्यावरून सांभाळायचे, खाली झेन असो, केव्हीएम असो की व्हीएमवेअर. २०१० मध्ये त्यांनी बहुतेक कोड खुला केला. जुलै २०११ मध्ये सिट्रिक्सने कंपनी विकत घेतली, आणि एप्रिल २०१२ मध्ये सिट्रिक्सने एक शहाणपणाचं काम केलं, कोड अपाचे फाउंडेशनला देऊन टाकला. स्वतःकडे फक्त त्यावर बेतलेलं विकायचं उत्पादन ठेवलं, क्लाउडप्लॅटफॉर्म. जानेवारी २०१६ मध्ये ते उत्पादन घेतलं ॲक्सेलेराइटने, म्हणजे आपल्या पुण्याच्या पर्सिस्टंटच्या घरातल्या कंपनीने. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेली पर्सिस्टंट. सेनापती बापट रोडवरच्या तिच्या इमारतीचं नाव भगीरथ. पाण्याचा विषय चाललाय म्हणून सांगितलं, बाकी संबंध नाही.

मला यातलं काय लक्षात राहिलं, तर आठ वर्षांत तीन मालक झाले आणि ज्यांनी अपाचेचं क्लाउडस्टॅक लावलं होतं त्यांना एका सकाळीही उठून धावपळ करावी लागली नाही. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही येतात. विकलं गेलं ते उत्पादन, गेटची चावी फाउंडेशनकडेच राहिली. स्वतः शेंग लियांग २०१४ मध्ये रँचर काढून कंटेनरकडे वळला आणि २०२० मध्ये तीही कंपनी सुसेने घेतली. या क्षेत्रात माणसं अशी फिरतात.

आता उलटं उदाहरण. व्हीएमवेअर २००४ च्या सुरुवातीला ईएमसीकडे गेली, २०१६ ला ईएमसीबरोबर डेलकडे, २०२१ ला सुटी झाली, आणि २२ नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमने तिचा ताबा घेतला. तीन आठवड्यांच्या आत कायमची लायसन्स विकणं बंद. इथून पुढे सबस्क्रिप्शन, तेही सीपीयूच्या कोरवर, एका सीपीयूला किमान १६ कोर धरून. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचा ईएसएक्सआयसुद्धा काढून घेतला, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये परत दिला. अशी कुरबुर पहिल्यांदा झाली असंही नाही. २०११ मध्ये व्हीस्फिअर ५ आणताना व्हीएमवेअरने मशीनला दिलेल्या मेमरीवर लायसन्सचं माप लावलं होतं. लोक इतके चिडले की महिन्याभरात मर्यादा वाढवल्या आणि २०१२ मध्ये ती पद्धतच सोडली. दोन्ही वेळेला तंत्रात तसूभर दोष नव्हता. व्हीमोशन आजही अप्रतिम आहे. बदललं ते माप, आणि माप बदलायचा हक्क एकाच बाजूला होता.

बाबा एचएएलमध्ये होते, टूल रूमला. १९६४ साली इथे मिगचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि सगळं सोव्हिएत लायसन्सवर. विमान इथल्या हातांनी बनलं, पण डिझाइनमधला शब्द तिकडचा. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा स्पेअर पार्टची जी ओढाताण झाली ती आमच्या कॉलनीत जेवताना ऐकू यायची, असं बाबा सांगतात. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये वायुदलातून निवृत्त झालं, तेव्हा चंदिगडचा कार्यक्रम बघताना बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणून लायसन्स म्हटलं की लगेच वाईट, असं मी म्हणणार नाही. त्या लायसन्सने ओझर उभं केलं. पण लायसन्सवरचं यंत्र आणि आपलं यंत्र यातला फरक ओझरच्या पोराला कुणी शिकवावा लागत नाही.

आणि खुला कोड म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. एलएक्सडी हे कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन दोन्ही सांभाळणारं साधन कॅनॉनिकलने बनवलेलं, पण ते लिनक्स कंटेनर्स या सामूहिक प्रकल्पाखाली असायचं. जुलै २०२३ मध्ये कॅनॉनिकलने ते तिथून काढून आपल्या घरात घेतलं. महिन्याभरात अलेक्सा साराय याने त्याची फांदी तोडून इन्कस सुरू केलं, आणि एलएक्सडी वर्षानुवर्षं वाढवणारा स्टेफान ग्राबर, जो तोवर कॅनॉनिकल सोडून आला होता, तिकडे गेला. डिसेंबरमध्ये कॅनॉनिकलने एलएक्सडीचं लायसन्स बदलून एजीपीएल केलं, त्यामुळे इन्कसला तिथला नवा कोड उचलणं बंद झालं. भांडण म्हणजे अगदी पाणी वापर संस्थेच्या बैठकीसारखं. फरक एवढाच की इथे नाराज गटाला अख्खा कालवा कॉपी करून नेता आला.

पॅकहाऊसचं आता असं आहे. मुख्य पासवर्ड एका पाकिटात, पाकीट ऑफिसच्या गोदरेज कपाटात, सातबाऱ्याच्या फाइलीशेजारी. कोणत्या मशीनला किती मेमरी दिली आणि का दिली हे एका वहीत, मराठीत. ती वही मामेबहीण सांभाळते. ऑफिस तीच बघते, आणि कंटेनर थांबला तर चालू करणं, बॅकअप झाला का बघणं हे ती आता मला न विचारता करते. मागच्या महिन्यात तिने लेबलांच्या मशीनची मेमरी स्वतः वाढवली आणि वहीत तारीख टाकून सही केली.

ते सहावं मशीन काय होतं ते अजून कळलेलं नाही. एप्रिलमध्ये सीझन संपल्यावर बंद करून ठेवलंय. अजून तरी कुणाची तक्रार नाही.